घाटात वेगळे, चहाला एकत्र

आजचा भाग आहे जोडीनं सायकल चालवणाऱ्यांसाठी. नवरा-बायको, मित्र-मैत्रीण, जमलेलं, जमू घातलेलं, कुणीही चालेल. अट एकच, दोघांचा वेग सारखा नसावा. सारखा असेल तर तुम्ही नशीबवान आहात. हा भाग दुसऱ्या एखाद्या जोडीला फॉरवर्ड करा आणि खुशाल राइडला निघा.

या विषयावर बोला म्हणून बरेच दिवस मेसेज येतायत, आणि त्यातले बहुतेक एकाच साच्यातले आहेत. 'दोघांनी मिळून सायकली घेतल्या. पहिले दोन रविवार मजा आली. आता एकत्र निघतो आणि भांडून परत येतो.' माझी एक मैत्रीण तर नवऱ्याबरोबर तीन रविवार गेली. चौथ्या रविवारपासून तिची सायकल बाल्कनीत आहे आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळत असतात. मी विचारलं, "काय गं, पाय दुखले का?" ती म्हणाली, "पाय नाही दुखले. सारखं कुणीतरी आपली वाट बघत उभं आहे, याचाच कंटाळा आला."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. मागे पडणारा माणूस बहुतेक वेळा दमून सायकल सोडत नाही. आपण ओझं झालोय असं वाटायला लागतं, म्हणून सोडतो. पुढे असणारा मात्र प्रामाणिकपणे म्हणत असतो, "अगं, पण मी थांबलो होतो ना तुझ्यासाठी!" दोघंही खरं बोलतायत, आणि भांडण तरीही होतंय. ते का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते आज नीट उलगडून बघू.

आधी आमच्या घरचा मामला सांगते. आम्ही पुण्यात राहतो. माझा नवरा सपाटीला सायकल दामटतो, घाटात सीटवरून उठून पेडल मारतो आणि मग मध्येच थांबतो. फोटो, चहा, ओळखीचा एखादा ग्रुप, काहीही कारण पुरतं. मी एका लयीत चालवते. माझा वेग कमी आहे, पण एकदा निघाले की दीड तास खाली पाय टेकवत नाही. उतारावर तो सुसाट जातो, मी ब्रेकवर बोटं ठेवून येते. म्हणजे फरक फक्त वेगाचा नाही. लयीचा आहे, थांबण्याचा आहे, उताराचाही आहे. तरी आम्ही अनेक वर्षं एकत्र चालवतोय, आणि मला सापडलेलं उत्तर एका वाक्यात असं आहे: रस्त्याचा प्रत्येक तुकडा दोघांमधला फरक वेगळा करतो, म्हणून कुठे एकत्र राहायचं आणि कुठे सुटं व्हायचं, हे निघण्याआधीच ठरवायचं.

आता तुकड्या-तुकड्यानं बघू. थोडं फिजिक्स येणार आहे, पण घाबरू नका, परीक्षा नाही.

सपाट रस्ता: इथे फरक मिटतो

सपाट रस्त्यावर तुमचा मुख्य शत्रू हवा. आणि हवेची गंमत अशी की तिला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. ताशी २० किलोमीटरवरून ३० वर जायचं, म्हणजे वेग दीडपट करायचा. पण हवेसाठी लागणारी ताकद दीडपट होत नाही, तिपटीहून जास्त होते. म्हणूनच 'थोडंसंच फास्ट चालव ना' हे वाक्य बोलायला सोपं आणि ऐकणाऱ्याच्या मांड्यांना महाग असतं.

एक उदाहरण धरू. एक जण ७५ किलोचा, सतत २०० वॉट ताकद लावू शकणारा. दुसरी ५८ किलोची, १२० वॉट लावणारी. दोघांच्या सायकली १२ किलोच्या. वारा पडलेला, डांबरी रस्ता चांगला. ढोबळ हिशेब केला तर तो साधारण ३२ च्या वेगानं जाईल, ती २७-२८ च्या. तासाभरात चार-पाच किलोमीटरचं अंतर पडलं.

आता तिला त्याच्या मागे ठेवा. पुढच्या सायकलस्वारानं हवा फोडलेली असते, मागच्याला तिचा रोध बराच कमी लागतो. नीट जवळून चालवलं तर तीस टक्क्यांच्या आसपास फायदा धरायला हरकत नाही. तो धरून पुन्हा हिशेब केला की तीच १२० वॉटवाली ३०-३१ च्या वेगानं जाते! तिनं जास्त जोर लावलेला नाही. त्यानंही वेग जवळजवळ कमी केलेला नाही. फक्त रांगेतली जागा ठरवली आणि अंतर मिटलं. यालाच सायकलवाले ड्राफ्टिंग म्हणतात.

पावसाळ्यात याची किंमत आणखी कळते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. पुण्याहून मुळशीकडे किंवा पानशेतकडे निघालात की तो थेट तोंडावर. अशा दिवशी जोरकस माणसानं पुढे राहावं, दुसऱ्यानं मागे. येताना वारा पाठीवर असतो, तेव्हा हवं त्यानं हवं तिथे राहावं.

पण याला दोन अटी आहेत. पहिली, पुढच्यानं लय सांभाळायची. माझ्या नवऱ्यासारखं जोरात-हळू-जोरात चालवलं तर मागच्याला दर वेळी अंतर भरून काढावं लागतं आणि ड्राफ्टिंगचा सगळा फायदा त्यात जातो. पुढच्यानं स्पीडोमीटरकडे न बघता मागच्या चेनचा आवाज ऐकायचा. आवाज लांब गेला की एक श्वास ढिलं सोडायचं. दुसरी अट आपल्या रस्त्यांची. मागच्याला पुढचा खड्डा दिसत नाही. म्हणून पुढच्यानं हातानं खूण करायची: खड्डा, वाळू, स्पीडब्रेकर, रस्त्यात आलेलं कुत्रं. खूण करायची सवय नसेल तर चाकाला चाक लावून चालवू नका. दीड-दोन मीटर मागे राहा. फायदा थोडा कमी मिळेल, पण दात शाबूत राहतील.

शेजारी शेजारी चालवायचं तर ते फक्त रिकाम्या रस्त्यावर. तिथेही एक खोड अनेकांना असते: दुसऱ्यापेक्षा अर्धं चाक पुढे राहायची. दुसरा बरोबरी करायला जातो, पहिला नकळत पुन्हा अर्धं चाक पुढे जातो, आणि दहा मिनिटांत निवांत राइडची शर्यत होते. हँडलला हँडल समांतर ठेवा. हळू चालवणाऱ्याचा वेग तोच जोडीचा वेग. तो कसा ओळखायचा? हळू चालवणाऱ्याला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. उत्तरं 'हं', 'हो' अशी यायला लागली की समजा, वेग चुकलाय.

घाट: इथे फरक मिटत नाही

आता चढ. बरेच जण इथेच भांडतात, कारण सपाटीला जमलेली युक्ती ते घाटातही लावायला जातात.

घाटात तुमचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटर असतो. त्या वेगाला हवेचा रोध नगण्य, म्हणजे ड्राफ्टिंगचा उपयोगही नगण्य. सगळी ताकद आपलं वजन वर उचलण्यात जाते, आणि तिथे कुणाच्याही पाठीमागे लपता येत नाही.

तीच जोडी घेऊ. चढायची उंची ६०० मीटर धरू, सिंहगडाचा गाडीरस्ता साधारण तेवढाच चढतो. त्याला सायकलसकट ८७ किलो वर न्यायचेत, २०० वॉटनं. वेळ लागेल सुमारे ४३ मिनिटं. तिला ७० किलो न्यायचेत, १२० वॉटनं. वेळ सुमारे ५७ मिनिटं. म्हणजे १४ मिनिटांचा फरक. तो प्रेमानं, जिद्दीनं किंवा मागून 'चल चल, अजून थोडंच!' असं ओरडून कमी होत नाही. आज होत नाही, पुढच्या रविवारीही होत नाही. काही महिन्यांच्या सरावानं तिची ताकद वाढेल, पण तोवर त्याचीही वाढलेली असेल.

मग एकत्र चढायचं म्हणून त्यानं तिच्या वेगानं जायचं का? जमतं, पण अवघड असतं. एकतर त्याला नेहमीपेक्षा बराच हलका गिअर लागतो. दुसरं म्हणजे तो आरामात असतो आणि गप्पा मारायला लागतो. तिला मात्र श्वास पुरत नसतो. घाटात शेजारी कुणीतरी ऑफिसचा किस्सा सांगतंय आणि आपल्याला फक्त पुढचं वळण गाठायचंय, यासारखा छळ नाही. मी तर स्पष्ट सांगून ठेवलंय, "अरे, घाटात मला एकटीला सोड. वर गेल्यावर काय ते बोल."

म्हणून घाटाचा नियम सोपा: पायथ्याशी सुटं व्हायचं, माथ्यावर भेटायचं. सिंहगडाचंच बघा. शहरातून खडकवासल्यामार्गे डोणज्यापर्यंत एकत्र, ड्राफ्टिंग करत. गोळेवाडीच्या पुढे ज्यानं त्यानं आपला चढ चढायचा. वर दह्याचं मडकं आणि कांदाभजी एकत्र. रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, त्यामुळे उजाडता उजाडता पायथ्याला पोचलेलं बरं.

सुटं झाल्यावर आणखी एक गोष्ट होते, ती मला फार महत्त्वाची वाटते. हळू चढणाऱ्याला स्वतःचा चढ मिळतो. कुणी बघत नाही, कुणी थांबत नाही. दम लागला तर थांबावं, झाडाखाली पाणी प्यावं, पुन्हा निघावं. तो चढ मग तुमचा असतो, कुणाच्या तरी मागे मागे केलेला नसतो.

माथ्यावरचं भांडण

आता माझ्या मैत्रिणीच्या वाक्याकडे येऊ. 'मी थांबलो होतो ना!' हे खरं असूनही तिला राग का आला?

हिशेब बघा. तो १४ मिनिटं आधी पोचला. त्यानं पाणी प्यायलं, फोटो काढले, चहा घेतला, घाम वाळला. ती पोचली, तिनं एक पाय खाली टेकवला, आणि हा हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "चला, निघू या?" त्याला १४ मिनिटांची विश्रांती मिळाली, तिला शून्य. असे तीन चढ झाले तर दिवसाअखेर त्याच्या खात्यात ४२ मिनिटं आराम आणि तिच्या खात्यात काहीच नाही. म्हणजे जो आधीच कमी ताकदीचा आहे, तो जास्त वेळ कष्ट करतो आणि कमी वेळ बसतो. पुढच्या चढाला तो आणखी मागे पडणार, यात नवल काय? आणि थांबणाऱ्याला वाटतं, आपण केवढा समजूतदारपणा दाखवला.

यावर आमच्या घरात एक कायदा आहे: जो शेवटी पोचतो, तो निघायची वेळ ठरवतो. आधी पोचलेल्यानं 'निघू या' हा शब्द काढायचाच नाही. दुसऱ्याचा चहा सांगून ठेवायचा, त्याची बाटली भरून द्यायची आणि बसायचं. आणि पोचणाऱ्यानं 'सॉरी' म्हणायचं नाही. एकदाही नाही. ठरलेल्या ठिकाणी आपल्या वेगानं येणं हा काही गुन्हा नाही, मग माफी कसली?

आता आधी पोचणाऱ्याचीही बाजू ऐका, कारण तीही खरी आहे. माथ्यावर वारा असतो, अंग घामानं भिजलेलं असतं, दहा-पंधरा मिनिटांत थंडी वाजते आणि पाय आखडतात. म्हणून त्यानं खिशात घडी होणारं विंडचीटर ठेवावं. बसवत नसेल तर थोडं खाली उतरून पुन्हा वर यावं. त्यात त्याचा जास्तीचा व्यायामही होतो. पण उतरताना जोडीदार वाटेत भेटला तर हात करायचा आणि पुढे जायचं. वळून त्याच्याभोवती घिरट्या घालत 'जमतंय ना?' विचारायचं नाही. जमत नसेल तर तो सांगेल, फोन आहे.

उतार: पाठलाग बंद

उतारावर फरक पुन्हा वाढतो, आणि इथे तो धोकादायक असतो. जड माणूस उतारावर आपोआप जास्त वेगानं घरंगळतो. हवेच्या रोधाच्या मानानं त्याला खाली खेचणारं वजन जास्त असतं. म्हणजे हलक्या माणसानं काहीही न करता तो मागे राहणार. त्यात स्वभावाची भर.

ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गात वाढतं. ताशी २० च्या वेगाला जेवढ्यात थांबता, त्याच्या चौपट अंतर ४० ला लागतं. रस्ता ओला असेल तर आणखी. आपल्या घाटांत वळणावर खडी असते, समोरून ओव्हरटेक करणारी गाडी असते, माकडं असतात. त्यामुळे उतारावर मागच्यानं पुढच्याला गाठायचा प्रयत्न करायचा नाही, आणि पुढच्यानं 'एवढं काय घाबरतेस?' असं म्हणायचं नाही. आपल्या ब्रेकवर आपला जेवढा भरवसा, तेवढाच आपला वेग. पायथ्याला भेटायचं, आणि तिथेही शेवटचा येईल त्यानं निघायचं ठरवायचं. उतरताना विश्रांती मिळते असं वाटतं, पण सतत ब्रेक धरून हात आणि मान चांगलीच भरून येतात.

आधी सायकल बघा, मग माणूस

एक गोष्ट मी खूप घरांत पाहिलीय. नवऱ्यानं नवी सायकल घेतली की जुनी बायकोला मिळते. फ्रेम तिच्या उंचीला मोठी, हँडल लांब, सीट त्याच्या सोयीची आणि गिअर त्याच्या मांड्यांचे. मग ती मागे पडली की म्हणायचं, 'तिला सराव नाही.' अहो, आधी सायकल तर मापाची द्या!

गिअरचा हिशेब करून दाखवते. रोड बाइकला पुढे लहान चेनरिंग ३४ दात्यांचं धरू. मागच्या कॅसेटचा सगळ्यात मोठा दाता-चक्र २८ चा असेल तर पेडलच्या एका फेरीत चाक सव्वा फेऱ्यांच्या आसपास फिरतं. तेच ३४ चा असेल तर बरोब्बर एक फेरी. आपल्या उदाहरणातली ५८ किलोची सायकलस्वार सात टक्क्यांच्या चढाला ताशी साडेआठच्या आत-बाहेर जाईल. २८ च्या चक्रावर तिला मिनिटाला जेमतेम ५५ फेऱ्या माराव्या लागतात, म्हणजे दर फेरीला गुडघ्यावर जोर. ३४ च्या चक्रावर त्याच वेगाला ६५ च्या वर फेऱ्या होतात, पाय हलके फिरतात आणि दम टिकतो. म्हणजे माणूस तोच, ताकद तीच. मागची कॅसेट बदलली आणि घाट सुसह्य झाला. बदलण्याआधी तुमच्या सायकलचा डिरेलर तेवढं मोठं चक्र पेलतो का, हे मेकॅनिकला विचारून घ्या.

तेव्हा पैसे घालायचेच असतील तर वेगवान माणसाच्या कार्बन चाकांवर घालू नका. हळू माणसाच्या गिअरवर, सीटवर आणि फिटिंगवर घाला. जोडीचा वेग तिथेच वाढतो.

निघण्याआधीची पाच मिनिटं

सुटं व्हायचं म्हटलं की काळजी येते. वाटेत काही झालं तर? विशेषतः सुनसान रस्त्यावर बाईमाणूस मागे एकटी असेल तर? ही काळजी फालतू नाही. तिच्यावर उपाय 'सतत नजरेसमोर राहणं' हा एकच आहे, असं मात्र नाही. आम्ही निघण्याआधी या गोष्टी बघतो.

एक, ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर दोघांकडेही. पंक्चर किट एकाच्याच पिशवीत असेल आणि तो पाच किलोमीटर पुढे असेल तर ते किट नसल्यातच जमा. आणि पंक्चर काढता दोघांनाही आलं पाहिजे. एका दुपारी घरी बसून चाक काढा-घाला, तासाभरात हात बसतो.

दोन, दोघांकडे स्वतःचे पैसे, पाणी, खाऊ आणि चार्ज केलेला फोन. घाटात रेंज जाते, म्हणून फक्त लाइव्ह लोकेशनवर विसंबायचं नाही.

तीन, भेटायच्या जागा नावानिशी. 'पुढे भेटू' असं नाही. 'धरणाच्या भिंतीपाशी', 'फाट्यावरच्या मंदिरापाशी' असं. रस्ता जिथे फुटतो तिथे पुढच्यानं थांबायचंच, मग भेटायची जागा ठरलेली असो वा नसो.

चार, वेळेची मर्यादा. 'मी साधारण तासात वर येईन. सव्वा तास झाला आणि आले नाही, तर खाली ये.' एवढं ठरलं की वर बसलेल्याचा जीव टांगणीला लागत नाही आणि खालच्याच्या फोनवर दर पाच मिनिटांनी 'कुठे आहेस?' येत नाही.

पाच, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, ते आधी बघून ठेवणं. हा विषय बोलला जात नाही, पण त्यापायी बायका पाणी कमी पितात आणि मग उन्हात चक्कर येते. थांबा ठरवताना चहा कुठला चांगला यापेक्षा हा प्रश्न आधी विचारा. जोडीदारानं स्वतःहून विचारला तर फार बरं वाटतं, सांगून ठेवते.

एकत्र चालवायच्या आणखी तऱ्हा

एक युक्ती मला फार आवडते, ती म्हणजे घड्याळ लावून वळणं. दोघांनी एकाच वेळी घरून निघायचं, आपापल्या वेगानं जायचं आणि बरोबर एक तास झाला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. तो २८ किलोमीटरवरून वळेल, ती २० वरून. रस्ता आणि वारा दोन्ही वेळेला साधारण सारखे असतील तर दोघं घरी जवळजवळ एकाच वेळी पोचतात. कुणी कुणासाठी थांबलं नाही, कुणी धापा टाकल्या नाहीत. आणि परतीच्या वाटेवर वेगवान माणूस मागून येत असतो, त्यामुळे पुढच्याला काही अडचण आली तर तो आपोआप तिथे पोचतो.

दुसरी गोष्ट, आठवड्याच्या राइड वाटून घेणं. दमसासाच्या खेळातले मुरलेले खेळाडूसुद्धा बहुतेक सराव हलक्या जोरावर करतात. म्हणजे जोडीची निवांत राइड ही वेगवान माणसाची 'वाया गेलेली' राइड नसते, तो त्याच्या सरावाचाच भाग असतो. जोराची राइड त्यानं शनिवारी ग्रुपबरोबर करावी, रविवारी जोडीनं यावं. पण मग रविवारी मनापासून यावं. घड्याळाकडे बघत उसासे टाकायचे असतील तर घरीच पोहे करावेत.

तिसरी, बीआरएम. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनी होणाऱ्या या लांब पल्ल्याच्या राइड आपल्याकडेही होतात. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. ही शर्यत नाही, क्रमांक लावले जात नाहीत. वेळेत आलात की पूर्ण केली, बस्स. २०० चा हिशेब केला तर थांबे धरून ताशी १५ च्या आतला वेग पुरतो. ज्या जोडीला एकत्र काहीतरी मोठं करायचंय, तिला हे फार छान उद्दिष्ट आहे. इथे सुसाट वेगापेक्षा लय, खाणं-पिणं आणि कमी वेळ थांबणं कामी येतं. माझ्यासारख्या संथ माणसांचे दिवस इथे येतात. फोटो आणि चहावाल्यांना इथे घड्याळ शिस्त लावतं.

चौथी, बारी लावणं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघानं पूर्ण करून आले. जवळपास ४,८०० किलोमीटरची ही शर्यत, आणि संघात एक जण सायकल चालवत असताना दुसरा विश्रांती घेऊ शकतो. दोघं शेजारी शेजारी चालवत नाहीत, तरी ती दोघांची राइड असते. गाडी घेऊन कोकणात चाललेली जोडीही असं करू शकते: एक चढ तुझा, एक किनारा माझा.

पाचवी, टँडेम, म्हणजे दोघांची एकच सायकल. पुढच्याला कॅप्टन म्हणतात, मागच्याला स्टोकर. सपाटीला ती भन्नाट पळते, कारण ताकद दोघांची आणि हवा कापायची जवळजवळ एकाची. फरकाचा प्रश्न मुळातच संपतो, कारण कुणी मागे पडूच शकत नाही. पण पेडल एकाच लयीत फिरतात, ब्रेक आणि हँडल पुढच्याच्या हाती. उतारावर डोळे मिटून विश्वास टाकता येत असेल तरच घ्या.

आणि सहावी, ई-सायकल. आपल्याकडे २५० वॉटपर्यंत मोटर, ताशी २५ पर्यंत वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन अशी पेडलवाली ई-सायकल मोटार वाहनात धरली जात नाही. नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. घाटात थोडी मोटरची साथ घेतली तर वर काढलेली १४ मिनिटं सहज मिटतात. याला 'चीटिंग' म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा, तुमची शर्यत कुणाशी होती?

शेवटी, शब्दांबद्दल

'अजून थोडंच आहे' हे वाक्य कायमचं बंद करा, कारण ते कधीच खरं नसतं. त्याऐवजी माहिती द्या: 'तीन वळणं आहेत, दुसरं जरा उभं आहे.' 'तुला जमेल' यापेक्षा 'खायला काही देऊ का?' हे जास्त उपयोगी पडतं. अर्धी चिडचिड पोट रिकामं असल्याची असते. आणि घरी आल्यावर अ‍ॅपमधला सरासरी वेग एकमेकांना दाखवू नका. तुलना करायचीच असेल तर आपल्या मागच्या महिन्याशी करा.

माझ्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलंय. तिनं सध्या एकच मागणी नवऱ्यापुढे ठेवलीय: शेवटी पोचणारा निघायची वेळ ठरवेल. तो विचार करतोय म्हणे. टॉवेल मात्र हँडलवरून निघाले आहेत.

या रविवारी जोडीनं निघणार असाल तर निघण्याआधी पाच मिनिटं काढा आणि दोन गोष्टी ठरवा: कुठे सुटं व्हायचं आणि कुठे भेटायचं. बाकीचं रस्ता शिकवतो. पुढच्या भागात पंक्चर घरच्या घरी कसं काढायचं ते बघणार आहोत, म्हणजे एका ट्यूबचं जुनं पंक्चर तयार ठेवा. तोवर हवा तपासा, हेल्मेट घाला, आणि घाटात जोडीदाराला शांतपणे चढू द्या. भेटू या!